विमानाची खंडेनवमी

मला रिकामं बसता येत नाही. दवाखान्यात पेशंट नसला की मी खुर्चीचे स्क्रू आवळतो, दिव्याची काच पुसतो, तेही झालं की बाहेर येऊन पाटीवरची धूळ झटकतो. बायको म्हणते, लोकांच्या पायाला भिंगरी असते, तुमच्या बुडाला आहे. पेपर मी उभ्यानं वाचतो. जेवताना दोनदा उठतो. अशा माणसानं दातांचा डॉक्टर व्हावं याचं अनेकांना नवल वाटायचं, पण इतकी वर्षं अंबाजोगाईत लोकांच्या तोंडात हात घालूनच मी पोट भरलं. कारण बाकी सगळं अंग चळवळं असलं तरी उजवा हात शांत होता. सुई हिरडीला लागली की पेशंटला कळायचंही नाही. हा हात मला आईकडून आला असं सगळे म्हणत. आमच्या युसूफ वडगावात तिच्या हातची पेरणी नावाजलेली होती. चाड्यावर, म्हणजे तिफणीवरच्या त्या लाकडी वाटीवर, तिची मूठ असली की बी कसं एका मापानं पडायचं. वडील पुढे बैल हाकायचे आणि आई मागून बी सोडायची. दुसऱ्यांच्या शेतात हे उलटं असायचं, पण आमच्याकडे बाईच्या हाताला गुण होता.

तर तो हात गेल्या उन्हाळ्यात हलला.

केजकडची एक बाई आली होती, दाढ सुजलेली. मी भूल द्यायला सुई जवळ नेली आणि सुईचं टोक थरथरताना मला दिसलं. बाईचे डोळे मिटलेले होते. मी हात मागे घेतला, सुईतच काही खोट आहे असं दाखवून ती उजेडाकडे धरली, मग डाव्या हाताचं बोट तिच्या जबड्यावर टेकवून त्याच्या आधारानं काम उरकलं. बाई दुवा देऊन गेली. मी मात्र त्या दिवशी बेसिनशी किती वेळ हात धूत उभा होतो ते मला सांगता येणार नाही.

मग ते वाढलं. चहाची कपबशी वाजायला लागली, म्हणून मी स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला लागलो. बारीक काम आलं, दाताच्या मुळातली नस काढायची असली, की मी मशीन बिघडल्याचं सांगायचो आणि पेशंटला खालच्या गल्लीतल्या नव्या डॉक्टरकडे पाठवायचो. पोरगी हुशार आहे, माझ्याच हाताखाली शिकलेली. तिनं एकदा फोन करून विचारलं, सर, मशीन अजून दुरुस्त झालं नाही का. मी म्हणालो, पार्ट यायचाय. मी तिच्यावर उगाच चिडलोही.

लातूरला मेंदूचे डॉक्टर आहेत. जायला दीड-दोन तास लागतात. पण तिथं गेलं की आजाराला नाव पडतं. नाव पडलं की ते गावात येतं, आणि दातांच्या डॉक्टरचा हात हलतो हे एकदा गावात आलं की संपलं. मला दुसरं काही येत नाही. शेती भावाकडे, आणि मी शेतात उभा राहिलो तर बैलही हसतील. दवाखाना बंद करून मी करणार काय, बसणार कुठे? बसणं हेच तर मला जमत नाही.

त्या बेचैनीतच एक दिवस मी कपाटावरचा खोका खाली काढला.

त्यात एक विमान होतं. म्हणजे विमानाचे तुकडे. खूप जुन्या काळचं प्रवासी विमान, चार पंख्यांचं, अंगानं थोडं कमानदार, आणि शेपटीला एकाच्या जागी तीन उभी पाती. परदेशात कुणी एक गृहस्थ आपल्या घरामागच्या शेडमध्ये साचे करून त्यांत रेझिन, म्हणजे घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओततात. साचा झिजला की ते विमान बंद, पुन्हा मिळत नाही. मी ते कधीतरी हौसेनं मागवलं होतं आणि एवढं किचकट काम म्हातारपणी करू म्हणून वर ठेवून दिलं होतं. मोठ्या कंपन्यांचे खेळण्यातले संच असतात त्यांत तुकडा तुकड्यात खटकन बसतो. यात काहीच बसत नाही. अंगाचे दोन भाग एकमेकांना जुळत नाहीत, कडेला जादा रेझिन सुटलेलं, भोकं पाडायची ती आपण. सोबत एक कागद, त्यावर एक चित्र आणि एक बाण. करा म्हणे.

मी स्वतःशी पैज लावली. हे विमान याच हातांनी पुरं झालं, आणि त्याच्या खिडक्यांवरून जाणारी ती लाल पट्टी सरळ बसली, तर हाताला काही झालेलं नाही. लातूर नाही, कुणाला सांगणं नाही. नाही जमलं तर बघू. हा मूर्खपणा आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण माणूस घाबरला की कौल लावतो, मग देवीपुढे लावो की टेबलावर.

दुपारी दवाखाना बंद असतो. शटर अर्धं ओढून मी मागच्या खोलीत बसायचो. बसायचो म्हणजे काय, पाच मिनिटं काम, मग उठून फेरी, पाणी, खिडकी उघड, खिडकी लाव. पण हत्यारं सगळी माझ्या ओळखीची होती. जादा रेझिन मी दाताच्या मशीननंच घासलं. सांध्यांतल्या फटी दात भरायच्या मसाल्यानं भरल्या. विमानाचं नाक हलकं राहिलं तर ते शेपटीवर बसतं, म्हणून नाकात वजन घालावं लागतं. मी जुनी चांदी काढली, पूर्वी दाढेत भरायचो ती, खलात घोटली आणि नाकाच्या पोकळीत ठासून भरली. तेव्हा हात बिलकूल हलला नाही. दाबायचं काम असलं की तो गुमान राहतो. मला इतका आनंद झाला की मी शिट्टी वाजवली, आणि वरच्या मजल्यावरून आईनं विचारलं, कोण आलंय.

आमचं घर दवाखान्याच्या वरच आहे. वडील गेल्यापासून आई आमच्याकडे असते. तिला जिने चढवत नाहीत, पण उतरायला तिला काही वाटत नाही, म्हणून ती खाली येऊन बसते आणि वर जायची वेळ आली की मला हाक मारते. एकदा ती मागच्या खोलीत आली. मी पंख्यांची पाती लावत होतो. एका पंख्याला तीन पाती, प्रत्येक सुटं, आणि सगळी एकाच कोनात बसली पाहिजेत. हातातला चिमटा पात्यासकट थरथरत होता. मी चटकन तो खाली ठेवला.

"काय हाय हे?" तिनं विचारलं.

विमान आहे म्हणालो.

"उडतंय का?"

"नाही."

"मग कावून करायलास?"

मी म्हणालो, माय, तू वर जातेस का, सोडतो तुला. ती म्हणाली, बसते की जरा. आणि ती दारासमोरच्या पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली. मी काही ती असेपर्यंत चिमटा उचलला नाही. कपाटातल्या बाटल्या काढल्या, पुसल्या, परत लावल्या. ती बघत होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचं फार स्वच्छ दिसतं.

पंख्यांनी मला रडवलं. एक पातं लागायचं तोवर दुसरं सुटायचं. खाली पडलेलं पातं शोधायला मी फरशीवर गुडघ्यांवर रांगलो आहे, आणि सापडल्यावर त्या वीतभर विमानाला मोठ्यानं शिव्या दिल्या आहेत. शेवटी चारही पंखे झाले. कसे झाले ते विचारू नका. कोपर मीठ भरलेल्या पिशवीवर टेकवून, डाव्या मुठीत उजवं मनगट आवळून, श्वास धरून. मग रंग दिला, छत पांढरं, पोट चंदेरी.

मग पट्टी. ती कागदावर छापलेली असते. पाण्यात भिजवली की कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ होऊन सुटते, आणि मग ती विमानाच्या अंगावर सरकवून बसवायची. खिडक्यांच्या ओळीवरून नाकापासून शेपटीपर्यंत. फाटली तर दुसरी नाही, मागवायला कुणी नाही. मी ते काम पुढे ढकलत राहिलो. आज ढग आहे, आज पेशंट जास्त, आज मन नाही. पेशंट खरोखरच जास्त होते. दसरा जवळ आला की ऊसतोडीला जाणारी माणसं दात काढून घ्यायला येतात, कारखान्यावर गेल्यावर उसाच्या फडात दाढ दुखली तर कुणाकडे जाणार. दात उपटायचं काम जोराचं, त्यात हात हलत नाही. मी दिवसभर दात उपटत होतो आणि मनात पट्टी होती.

एका दुपारी बसवलीच. पहिली बाजू एका दमात. दुसरी मधेच वाकडी झाली, मी ओल्या ब्रशनं तिला हळूहळू ओळीत आणलं, घाम नाकावरून टपकत होता तो पट्टीवर पडू नये म्हणून तोंड फिरवून. आणि बसली. पट्टी सरळ होती. मी विमान डोळ्यांसमोर धरून एका डोळ्यानं बघितलं, पट्टी फूटपट्टीनं मोजली, उलटं धरून बघितलं. सरळ. मी जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो आणि बायकोला दाखवलं.

तिनं विमान बघितलं. मग माझा हात बघितला. ती म्हणाली, "छान झालंय. लातूरला एकदा जाऊन येऊ."

"कशाला?"

"बरेच दिवस झाले, तुम्ही कपातून चहा पीत नाही."

म्हणजे तिला माहीत होतं. मला तिचा राग आला, इतकी सरळ पट्टी डोळ्यांसमोर असताना हिला पेला आठवतो. मी म्हणालो, हात बिघडलेला माणूस हे करू शकेल का. ती भाजी चिरायला बसली. मला पट्टीवर वॉर्निशचा हात द्यायचा होता, म्हणजे ती पक्की झाली असती, पण परतीच्या पावसानं हवा दमट होती आणि दमट हवेत वॉर्निश दुधाळ होतं. दोन दिवसांत ऊन पडेल म्हणून मी विमान दिवाणखान्यातल्या फळीवर ठेवून दिलं. येता-जाता बघायचो. पोट भरल्यासारखं वाटायचं.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं आईच्या ताब्यात जातात. विळा, कोयता, खुरपं हे ती गावाहून येताना घेऊनच आलेली आहे. शेत तिथं राहिलं तरी हत्यारं इथं आहेत. माझे चिमटे, सांडशी, आरसे ती राखेनं घासते. मी दर वर्षी सांगतो की हे आम्ही वाफेत उकळतो, राख लावायची गरज नाही, आणि ती दर वर्षी लावते. धुऊन पुसून सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याला सुट्टी. गाड्यांचंही तेच. सगळ्या गावात नळावर मोटरसायकली, ट्रॅक्टर धुतले जातात.

सकाळी मी झेंडू आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तेव्हा घरापुढच्या गच्चीवर पूजा मांडलेली होती. स्कूटर खाली धुऊन ठेवली होतीच, पण पाटाच्या कडेला माझं विमान होतं. स्वच्छ धुतलेलं. पुढच्या चाकाखाली लिंबू. चारही पंख्यांना मिळून एक हार, आणि पांढऱ्या छतावर हळदकुंकवाची ओली बोटं. आणि पट्टी नव्हती. कुठेच नव्हती. बादलीत बघितलं तर साबणाच्या पाण्यात लाल दोऱ्यासारखं काहीतरी गुंतून पडलेलं होतं.

आई म्हणाली, "गाडी न धुता पुजत्यात का? जरा घासलं तर रंगच सुटला बघ. कच्चा लावलता का?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं आठवत नाही, पण कुणी सांगितलं होतं हात लावायला, तुला कळतं का काही, हे नक्की होतं. विमान उचलून मी तिच्यासमोर नाचवत होतो आणि माझा हात असा हलत होता की एका पंख्याचं पातं तुटून पाटावर पडलं. चिमट्यांवर टिणकन वाजलं. बायको दारात आली होती. मी बोलायचा थांबलो, पण हात थांबेना. लपवायला खिसा नव्हता, मी पूजेसाठी धोतर नेसलो होतो.

आईनं विमान माझ्या हातातून काढून घेतलं आणि खाली ठेवलं. तिला राग आलेला नव्हता.

"कवापासून हालायलाय?"

मी म्हणालो, उन्हाळ्यापासून.

"तुझ्या बापाचाबी हालायचा."

मला वाटलं, ती मला शांत करायला काहीतरी सांगते आहे. वडिलांचा हात मी आयुष्यभर बघितला होता. मग मला त्यांचा चहा आठवला. ते पेला दोन्ही हातांनी धरायचे, भर उन्हाळ्यातसुद्धा. ती त्यांची सवय आहे असं आम्ही भावंडं समजत होतो.

"नवं लगीन झालतं तवा तेच पेरायचे," ती म्हणाली. "चाड्यावर मूठ धरली की हात हालायचा. बी कुठं दाट, कुठं पातळ. पेरताना न्हाई कळायचं, पर उगवून आलं की साऱ्या शिवाराला दिसायचं. लई मनाला लागायचं त्यायच्या. दोन सालं तसंच रेटलं."

"मग?"

"मग काय. म्या मूठ धरली, त्यायनी कासरा धरला. लोकं म्हणली, बाईच्या हाताला गुण हाय. म्हणू दिलं."

एवढं सांगून तिनं पाटावरची सांडशी बाजूला सरकवली आणि जागा केली. म्हणाली, ठिव हितं. मला कळेना काय ठेवायचं. तिनंच मला खाली बसवून, मनगट धरून हात पाटावर ठेवला, कोयत्याच्या आणि चिमट्यांच्या मध्ये, तळवा खाली. त्याच्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. हात हलत होता त्यामुळे अक्षता त्याच्यावर ठरत नव्हत्या, घरंगळून पाटावर पडत होत्या. तिनं परत टाकल्या. मग झेंडूचं फूल ठेवलं, तेही कलंडलं, तेही तिनं परत ठेवलं.

"लई राबलाय," ती म्हणाली. "आज ह्याला काय सांगू नको."

मला रडू आलं. बायकोसमोर, आईसमोर, आणि शेजारच्या अंगणात स्कूटरचा आरसा पुसत उभ्या असलेल्या माणसासमोर. बायकोनं निरांजन लावलं, आरती झाली, आणि तोवर मी जागचा उठलो नाही. बायको नंतर म्हणाली, लग्नाला एवढी वर्षं झाली, तुम्हाला इतका वेळ एका जागी बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

विमान आता खाली दवाखान्यात आहे, पेशंट बसतात तिथं काचेत. पट्टी नाही, एक पंखा तीनऐवजी दोन पात्यांचा, आणि छतावर पिवळे डाग. हळद रंगात उतरली ती निघत नाही, आणि मी काढायला गेलोही नाही. लोक विचारतात, हे कुठलं विमान, मी सांगतो आमच्याच घरचं आहे. खालच्या गल्लीतली डॉक्टर आता सकाळी माझ्याकडे येते. बारीक काम ती करते. मी पेशंटला बोलण्यात गुंतवतो, दिवा धरतो, कुठली दाढ ठेवायची आणि कुठली काढायची ते ठरवतो, दात उपटायचा असला तर उपटतो. मशीन कधी बिघडलं नव्हतं हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, माहीत होतं सर. सगळ्यांनाच सगळं माहीत असतं, आपण तेवढे येडे.

पण लातूरचं सांगायचं राहिलं. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. मी बाहेरच्या बाकावर बसलो, उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. बायकोनं माझी पिशवी मांडीवर धरली होती. आत डॉक्टरांनी मला कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली, पाण्याचा पेला उचलायला लावला, मग दोन्ही हात समोर धरायला सांगितले. मी धरले. उजव्याच्या नखांत अजून हळद होती. त्यांनी ती बघितली, पण विचारलं दुसरंच. घरात आणखी कुणाचा हात असा हलायचा का?

उन्हाळ्यात गेलो असतो तर मी नाही म्हणालो असतो, आणि ते मला खरंच वाटलं असतं.

"वडिलांचा," मी म्हणालो. "म्हणून पेरणी आई करायची."